पाटापलीकडचं घर

नकाशावर आमचं घर जिथे दिसायचं, तिथे ते नव्हतं. ही चूक उपग्रहाची नव्हती आणि फोनचीही नव्हती. ती मी केली होती, एका रविवारी दुपारी, पलंगावर बसून, पूर्ण शुद्धीत.

आम्ही नाशिकला मखमलाबादच्या बाजूला राहतो. इथून धरणाचा कालवा जातो, त्याला सगळे पाट म्हणतात. पाटाच्या अलीकडे नव्या सोसायट्या आहेत, पलीकडे अजून द्राक्षबागा. पाट फार रुंद नाही. समोरच्या बागेत कोणी मोठ्याने बोललं तर आमच्या गच्चीवर ऐकू येतं. पण गाडीने पलीकडे जायचं तर पूल लांब आहे, आणि पुलाकडे जाणारा रस्ता आधी बराच उलट्या दिशेने जातो. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. बाबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, शिफ्टची नोकरी. आई घरी. मीही बहुतेक दिवस घरी, कारण माझं ऑफिस आठवड्यातून दोनदाच बोलावतं.

दाराशी कोणी आलेलं मला लहानपणापासून आवडत नाही. बेल वाजली की मी आतल्या खोलीत. आई म्हणायची, "पाहुणे आलेत गं, वाघ नाही आला." मग एकदा पार्सल देऊन गेलेल्या एका माणसाने संध्याकाळी माझ्या नंबरवर मेसेज पाठवला. 'मॅडम तुमची बाल्कनी छान आहे.' एवढंच. मी नंबर ब्लॉक केला. घरी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आईने चार प्रश्न विचारले असते, बाबांनी सहा.

त्या रविवारी मी फोनमधल्या नकाशाच्या ॲपवर आमच्या इमारतीची खूण उचलली आणि पाटाच्या पलीकडे, एका बागेतल्या पंपाच्या खोलीपाशी नेऊन ठेवली. त्या ॲपमध्ये कोणीही दुरुस्ती सुचवू शकतं. मी आधी पुष्कळ खऱ्या दुरुस्त्या सुचवल्या होत्या, त्यामुळे माझ्या नावाला तिथे वजन होतं. दोन दिवसांत आमची इमारत सगळ्या जगासाठी पाटापलीकडे गेली. माझ्या फोनमध्ये 'घर' म्हणून साठवलेली जागाही मी तीच ठेवली. पार्सलवाले फोन करायचे, "मॅडम, इथे तर नुसती बाग आहे." मी सांगायचे, "पुलावरून परत या, पिठाच्या गिरणीपाशी थांबा, मी येते." ते कुरकुरत यायचे. मी गिरणीपाशी जाऊन पार्सल घ्यायचे आणि ते गेल्यावरच घराकडे वळायचे.

इमारतीत कोणालाच कळलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या काकू एकदा जिन्यात म्हणाल्या, "हल्ली सगळे डिलिव्हरीवाले पाटापलीकडे का कडमडतात कोण जाणे. मॅपच बिघडलाय मेला." मी हो म्हटलं.

माझं कामही नकाशांचंच आहे. परदेशातल्या संग्रहांमधले जुने नकाशे स्कॅन होऊन आमच्याकडे येतात आणि आम्ही ते आजच्या नकाशावर बसवतो. जुन्या नकाशावर एक देऊळ, एक नदीचं वळण, एक किल्ला शोधायचा. तीच जागा आजच्या नकाशावर शोधायची. तिचे अक्षांश आणि रेखांश द्यायचे. अशा पुरेशा जागा दिल्या की संगणक जुना कागद रबरासारखा ताणतो, दुमडतो आणि आजच्या जगावर बसवतो. मग तो एक आकडा दाखवतो, की इतकं करूनही जुना नकाशा खऱ्या जगापासून किती दूर राहिला. दिवसभर मी तो आकडा कमी करत असते. गेल्या शतकातल्या सर्वेक्षणाचे नकाशे थोड्या मीटरमध्ये बसतात. त्याआधीचे किनाऱ्यांचे नकाशे उत्तर-दक्षिण बरे असतात, पूर्व-पश्चिम वाहवलेले.

आणि मध्ययुगातले नकाशे बसतच नाहीत. एकदा हट्टाने मी युरोपातला एक गोल नकाशा घेतला. त्यात पूर्व वर असते. मध्यभागी जेरुसलेम, वरचा अर्धा भाग आशिया, खाली डावीकडे युरोप, उजवीकडे आफ्रिका, कडेने समुद्राची गोल पट्टी. ज्याची माहिती नव्हती तिथे चित्रकाराने एकाच पायाची माणसं काढली होती. मी जेरुसलेम दिलं, रोम दिलं, नाईलचं मुख दिलं. संगणकाने तो कागद असा पिळला की आफ्रिका उलटी होऊन स्वतःच्याच खाली गेली.

ते मी आईला दाखवलं. आई येवल्याची, विणकरांच्या घरातली. लग्नाआधी मागावर बसायची. लग्नानंतर मामाच्या मागासाठी पैठणीच्या पदराचे पोपट, कमळं, मोर आलेखाच्या कागदावर काढून द्यायची. एकेक बारीक चौकोन रंगवत. चष्मा नाकाच्या टोकावर आणि तोंडाने मोजणी. मध्येच कोणी बोललं तर डाव्या हाताने थांब म्हणून खूण करायची.

"पूर्व वर ठेवलीय?" ती म्हणाली. "मग बरोबरच आहे की. सूर्य जिथून येतो तिथून सुरुवात करायची."

"आणि जगाच्या मधोमध त्यांनी आपलं पवित्र गाव ठेवलंय."

"ते सगळेच ठेवतात. येवल्यात कोणालाही विचार जगाचा मध्य कुठे."

आपल्याकडचं जुनं जगही तिला मी सांगितलं. ते म्हणजे मध्ये मेरू पर्वत, भोवती द्वीपांची आणि समुद्रांची कडी, खारा समुद्र, उसाच्या रसाचा, तुपाचा, दुधाचा. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मला ते इंटरनेटवर वाचावं लागलं होतं. तिला निम्मं आधीच माहीत होतं. "तुपाचा समुद्र म्हटल्यावर तुझे बाबा पहिल्या बोटीने गेले असते," ती म्हणाली. बाबा पेपरामागून म्हणाले, "रजा मंजूर झाली तर."

अक्षांश-रेखांश तिला समजावताना मी कागदावर पृथ्वी काढली. ती दोन क्षण बघत राहिली. "अगं, ताणा आणि बाणा," ती म्हणाली. उभे धागे आणि आडवे धागे. मग उत्तर ध्रुवावर बोट ठेवून, "फक्त इथे सगळे उभे धागे एका गाठीत बांधलेत. असा माग कोणी लावला?" माझ्या ऑफिसात नव्याने लागलेल्या इंजिनिअर मुलांना हे इतक्या लवकर कळत नाही.

हे सगळं मी लिहितेय कारण आता असं बोलणं होत नाही.

तो मंगळवार होता, मार्चमधला, द्राक्षांची तोडणी चालू होती. बाबा सकाळच्या शिफ्टला गेलेले. साडेसातला आईने चहा आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "थंड करू नकोस आज तरी." मी मान हलवली. वर बघितलं नाही. मग मी कानांवर हेडफोन चढवले. त्या दिवशी परदेशातल्या लोकांशी लांबलचक मीटिंग होती आणि मी बोलत नसले तरी ऐकावं लागतं. आई सकाळी आलेख घेऊन बसली की घरात तसाही आवाज नसतो. त्यामुळे शांततेचं मला काही वाटलं नाही.

पावणेअकराला मी पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेले. आई ओट्याला पाठ टेकून खाली बसली होती. डोळे उघडे. तोंड एका बाजूला उतरलेलं. गॅस बंद होता. कणीक परातीत अर्धवट भिजवलेली, वरून सुकून तिला भेगा पडलेल्या.

"काही नाही गं," ती म्हणाली, जिभेत जडपणा होता पण शब्द कळत होते. "जरा बसले." मग तिने स्वतःचा डावा हात मांडीवरून उजव्या हाताने उचलला, बाजूला ठेवला आणि विचारलं, "हा कोणाचा हात पडलाय इथे?"

मी हॉस्पिटलला फोन केला. पत्ता सांगितला. पलीकडची बाई म्हणाली, गाडी निघतेय, ड्रायव्हर फोन करेल. ड्रायव्हरचा फोन आला. तो म्हणाला, "ताई, लोकेशन टाका, म्हंजे विचारत बसायला नको." रोज शेकडो वेळा नकाशावर खुणा करणाऱ्या याच हातांनी मी 'घर' निवडलं आणि पाठवलं.

त्यानेही त्याचं चालू लोकेशन पाठवलं. निळा ठिपका हलू लागला. मी खाली जाऊन काकूंना बोलावून आणलं. त्या धावत वर आल्या, आईकडे बघितलं आणि एकदम शांत झाल्या. "बाळा, गिरणीपाशी रिक्षा उभी असते. बोलावते मी. दोघी मिळून उतरवू, घालू रिक्षात आणि निघू."

मी स्क्रीनकडे बघितलं. नऊ मिनिटं. "नको काकू, आलीच आहे गाडी. तिच्यात ऑक्सिजन असतो."

"अगं पण..."

"आलीच काकू. बघा ना." मी त्यांना ठिपका दाखवला.

सहा मिनिटं. चार. आई मला म्हणत होती की कणकेवर ओला कपडा टाक. दोन मिनिटं. काकूंनी लिफ्टचं दार अडवून धरायला खालच्या मजल्यावरच्या आजोबांना सांगितलं. मग ठिपका खुणेवर येऊन थांबला. मी बाल्कनीत धावले. खाली गेटपाशी एक कुत्रं झोपलं होतं. गाडी नव्हती. सायरनचा आवाज येत होता, अगदी जवळून, पण चुकीच्या बाजूने. पाटाच्या पलीकडून. वेलींच्या रांगांमधून मला गाडीचा पांढरा टप दिसला.

फोन वाजला. "ताई, या ना कोणी गेटवर. पोचलो मी."

"कुठे?"

"तुमच्या लोकेशनवर. इथं घर नाय काय नाय. पंपाची खोली हाय अन् बायका द्राक्षं तोडत्यात."

तेव्हा मला कळलं. पार्सलवाल्यांना मी जे रोज न अडखळता सांगायचे, पुलावरून परत या, गिरणीपाशी थांबा, त्यातलं एकही वाक्य मला आठवेना. काकूंनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला.

"अरे बाबा, तू पाटाच्या पलीकडे गेलास. माघारी फिर. पूल ओलांड, मारुतीच्या देवळावरून सरळ ये, मग आधी दूध डेअरी होती तिथून आत वळ."

"आधी व्हती म्हंजे आता नाय ना मावशी? मग मला कशी दिसंल?"

"गिरणी दिसेल रे! गिरणीपाशी मी माणूस उभा करते. तू निघ आधी!"

"निघतो कसा? मागं क्रेटची पिकअप लागलीय. अय पिकअप! घे रे माघारी! पेशंट हाय!"

बागेतला रस्ता एका गाडीपुरता. पिकअपला तोडलेली द्राक्षं घेऊन उलट जावं लागलं, पार पाटकिनाऱ्याच्या मुख्य रस्त्यापर्यंत. मी बाल्कनीतून बघत होते. पांढरा टप मागे मागे जात होता. काकूंनी रिक्षासाठी गिरणीवर फोन केला. रिक्षा नुकतीच शाळेची मुलं आणायला गेली होती. आईने आतून विचारलं, "कोण आलंय?"

त्या फेऱ्यात किती मिनिटं गेली ते मी नंतर फोनमधल्या नोंदींवरून काढलं. तो आकडा मी इथे लिहिणार नाही.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो वेळेचा. कधी झालं? मी म्हटलं, पावणेअकराला बघितलं. "बघितलं कधी ते नको. शेवटचं व्यवस्थित कधी पाहिलंत?" साडेसात, मी म्हटलं. मी खरं तर तेव्हाही तिच्याकडे पाहिलं नव्हतं, पण तिचा आवाज व्यवस्थित होता. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन ठरावीक वेळेच्या आतच देता येतं, आणि सुरुवातीची वेळ नक्की माहीत नसेल तर शेवटचं ठीक पाहिलं तिथपासून मोजतात. "स्कॅन लगेच करतो," ते म्हणाले. स्कॅन झालं. ते बाहेर आले आणि म्हणाले, वेळ नुकतीच उलटून गेली आहे, आता ते दिलं तर धोका जास्त.

नुकतीच. हा शब्द त्यांनी सहज वापरला.

त्या बाकावर बसून मी काय विचार करत होते ते विचित्र आहे, पण खरं आहे. मी रेखांशाचा विचार करत होते. आपण किती उत्तरेला आहोत हे खलाशांना ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून पूर्वीपासून कळायचं. किती पूर्वेला आहोत ते शतकानुशतकं कळत नव्हतं, कारण त्यासाठी निघालेल्या बंदरात या क्षणी किती वाजलेत ते माहीत असावं लागतं, आणि हेलकावणाऱ्या जहाजावर घड्याळं नीट चालत नसत. म्हणून जहाजं मोकळा समुद्र समजून खडकांवर जायची. हे मला कामामुळे माहीत होतं. माझ्या हातात घड्याळही होतं, आणि उपग्रहांवरचं, सेकंदही न चुकणारं घड्याळ ज्याला वेळ देतं असा फोनही होता. तरी आई कोणत्या क्षणी खाली बसली ते मला सांगता येत नव्हतं. मधे फक्त एक भिंत होती.

बाबा एकलहऱ्याहून हेल्मेटचा वळ कपाळावर घेऊनच आले. कोणी काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "त्या मॅपने घात केला हो. गाडी पाटापलीकडे गेली." बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू कशाला रडतेस? तू केलंस ना वेळेवर फोन." गप्प राहणं मला जमतं.

आयसीयूत दुसऱ्या दिवशी बाबांनी मला हळूच विचारलं, "फोनमध्ये दिशा दाखवतात ना, ते कुठे असतं?" मी होकायंत्र उघडून दिलं. त्यांनी ते आईच्या पायांकडे धरलं. पाय दक्षिणेला होते. आमच्याकडे दक्षिणेला पाय करून झोपत नाहीत. बाबांनी हे कधी मानलं नव्हतं, उलट आईची थट्टा करायचे. त्यांनी सिस्टरला विचारलं, बेड फिरवता येईल का. सिस्टर म्हणाली, "काका, ऑक्सिजनची लाइन भिंतीत आहे, भिंत फिरवू का?" बाबा कसनुसं हसले. मग सबंध दिवस ते आईच्या पायांशी उभे राहिले, दक्षिण अडवून.

आई वाचली. हे सगळ्यांना सांगताना बाबांचा आवाज मोठा होतो.

चौथ्या दिवशी तिला मऊ भात दिला. तिने ताटाचा उजवा अर्धा भाग स्वच्छ खाल्ला आणि म्हणाली, "एवढाच वाढला का गं?" डावा अर्धा तसाच होता. वरणाची वाटीही डावीकडे. मी म्हटलं, आई, आहे ना अजून. ती म्हणाली, कुठे? बाबांनी ताट फिरवलं, डावं उजवीकडे आणलं. तिचा चेहरा उजळला. "आता कसं वाढलंस."

डॉक्टरांनी बाहेर नेऊन समजावलं. डोळे उत्तम आहेत. तिला दिसत नाही असं नाही. पण डावीकडे काही असतं हेच मेंदू विसरलाय. "त्यांच्या डोक्यातल्या नकाशातून डावी बाजूच गेली आहे असं समजा," ते म्हणाले. उदाहरण म्हणून त्यांना दुसरं काहीही सुचायला हवं होतं.

"परत येईल?"

"काही जणांची येते. काही महिने महत्त्वाचे. डाव्या बाजूला बसा, तिकडून बोला, तिकडे लक्ष ओढत राहा."

"थोडं आधी आलो असतो तर?"

"ते आता कशाला?" ते म्हणाले. मग माझ्याकडे नीट बघून, "तसं सांगता येत नाही." मला त्यांनी एकतर हो म्हणायला हवं होतं किंवा नाही.

घरी आणल्यावर मी सगळ्यात आधी इमारतीची खूण उचलून जागेवर ठेवली. ॲपकडून उत्तर आलं की ही दुरुस्ती स्वीकारता येत नाही, पुरेसा आधार नाही. इतकी पार्सलं तिकडे जाऊन आली होती की जगाला आमचं घर पाटापलीकडेच पटलं होतं. तीन वेळा पाठवल्यावर ते मान्य झालं. आता खूण बरोबर आहे. मी कधीकधी ती मोठी करून बघते, आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसेपर्यंत. त्याचा उपयोग काही नाही.

मेमध्ये आईने हट्ट केला की आलेखाचा कागद दे. आम्हाला आनंद झाला. तिने दोन दिवस खपून पोपट काढला आणि म्हणाली, "झाला. येवल्याला पाठव." कागदाच्या डाव्या अर्ध्यात एकही ठिपका नव्हता. उजव्या अर्ध्यात पोपटाची पाठ, शेपटी, पंख, एकही चौकोन न चुकता. चोच नव्हती, डोळा नव्हता. जिथे कागदाचा मध्य तिथे पोपट सरळ रेषेत कापला गेला होता. मी बाबांना विचारलं काय करू. ते म्हणाले, पाठव, तिने सांगितलंय ना.

मामाचा फोन आला. आई फोन उजव्या कानाला धरते, स्पीकर लावून.

"अक्का, पोपट मिळाला. लय बेस हाय." मग मामाने विचारलं, "चोच कवा धाडती?"

"चोच आहे की. डोळे तपास तुझे आधी."

"हाय हाय," मामा घाईघाईने म्हणाला. "माझाच चष्मा घरी राह्यलाय." मग मामी फोनवर आली आणि उन्हाळ्याचं बोलू लागली.

त्या संध्याकाळी मी ठरवलं की आईला सांगायचं. मला वाटत होतं की ती रागावेल, आणि रागावली की निदान काहीतरी तिच्या-माझ्यात जागेवर येईल. तिच्या उजव्या बाजूला बसले, कारण तिने ऐकावं असं खरंच वाटत होतं. सगळं सांगितलं. तो मेसेज, तो रविवार, पंपाची खोली, मी पाठवलेली खूण, काकूंना रिक्षासाठी दिलेला नकार. इतकं सलग मी आयुष्यात कोणाशी बोलले नव्हते.

आई ऐकत होती. मेसेजचं ऐकल्यावर म्हणाली, "मेला. तेव्हाच सांगायचंस की मला." मग बाकीचं ऐकून म्हणाली, "बरं मग? सापडलं ना घर शेवटी."

"आई, उशीर झाला. त्यामुळे तुझी डावी बाजू..."

"काय झालंय माझ्या डाव्या बाजूला?"

मी तिचा डावा हात हळूच उचलला, तिच्या समोरून उजवीकडे आणला, तिला दिसेल असा धरला. तिच्या हिरव्या बांगड्या अजून त्याच हातात होत्या. दवाखान्यात उजव्यातल्या काढल्या होत्या. "हा तुझा हात आहे ना?"

तिने बघितलं. माझी समजूत घालावी तसं हसली. "तुझाच आहे. बघ किती गार पडलाय. कामाच्या नादात खात नाहीस तू काही." आणि तिने तो हात आपल्या उजव्या हातात घेऊन चोळायला सुरुवात केली, गरम व्हावा म्हणून, मी लहान असताना माझे चोळायची तसा.

तिचं काय गेलंय हे तिला माहीत नाही. त्यामुळे ती मला माफही करू शकत नाही आणि रागावूही शकत नाही. बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. हे छापून आलं तर ते वाचतील. ते छापील मराठी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. तोंडाने सांगण्यापेक्षा मला हेच जमलं.

कामावर मी परत जाते. परवा पुन्हा एक गोल नकाशा आला, पूर्व वर असलेला. आईच्या दृष्टीने तो धरला तर मधल्या जेरुसलेमच्या डावीकडे काही नाही. अर्धा आशिया नाही, युरोप तर सगळाच नाही. एक पायाची माणसंसुद्धा नाहीत. ज्याने तो काढला त्याने माहीत नसलेल्या जागी निदान काहीतरी भरलं होतं, कारण तिथे जागा आहे एवढं त्याला ठाऊक होतं. मी फाइल बंद केली आणि दुसऱ्या मुलाला दिली. तो म्हणाला, "हे तर तुमच्या आवडीचं ना?" मी म्हटलं, आज तू कर.

डॉक्टरांनी सांगितलेले महिने आता संपत आलेत. रोज संध्याकाळी पाच वाजता मी खुर्ची आईच्या डाव्या बाजूला ठेवते, हाताच्या अंतरावर. बाबा, शिफ्ट नसेल तर, उजवीकडे बसतात आणि मुद्दाम काही बोलत नाहीत. मी वाटी वाजवते, बांगड्या हलवते, तिच्या डाव्या दंडावरून हात फिरवते. तिची मान मधल्या रेषेपर्यंत येते आणि तिथून परत फिरते.

काल मी हाक मारली, "आई."

तिने लगेच ओळखलं. आवाज तिला व्यवस्थित कळतो. पण ती उजवीकडे वळली, बाबांच्या पलीकडे, दाराकडे बघत राहिली.

"अहो," ती बाबांना म्हणाली, "पोरगी आली वाटतं. बाहेरून हाक मारतेय. उघडा ना दार."

बाबांनी तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. ते उठले नाहीत.

"आई, मी इथे आहे," मी जरा मोठ्याने म्हटलं. "या बाजूला."

"हो गं, आले, थांब," ती म्हणाली, आणि उजवा हात खुर्चीवर रोवून दाराच्या दिशेने उठायला लागली.